कोरा पासपोर्ट आणि धुतलेला रुमाल

आधी माफी मागतो. हे लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सर्वांत लांब मजकूर म्हणजे रेशनकार्डात माझं नाव घालण्यासाठी वडिलांनी केलेला अर्ज, आणि त्यातल्याही दोन ओळी तहसीलमधल्या कारकुनाने सांगितल्या होत्या. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. प्रवासवर्णनं लिहिणारे लोक हिमालयात वगैरे जातात. मी चेन्नईला गेलो, चार दिवस राहिलो, एका भल्या माणसाचं नुकसान केलं आणि परत आलो. पण वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या देसाई मॅडम म्हणाल्या, "तू लिही, नाहीतर मी लिहीन." त्या लिहिणार असतील तर माझी बाजू कोण मांडणार? म्हणून लिहितोय.

झालं असं की तिसऱ्या वर्षाला आम्हाला एका व्यावसायिकाची मुलाखत घ्यायची होती. वर्गातले बाकीचे दूधडेअरीत आणि पतसंस्थेत जाऊन आले. मी ड्रमर म्हटलं. माझे वडील जतमध्ये लग्नाच्या बँडात साईड ड्रम वाजवतात.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे घरी जेवता जेवता मुलाखत, आणि मार्क माझ्याकडून? जमणार नाही. खरा ड्रमर बघायचाय का तुला?"

"वडील खरेच आहेत मॅडम."

"अरे, तसं नाही म्हणत मी."

मॅडमचं बालपण चेन्नईत गेलं, त्यांचे वडील रेल्वेत होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर सेतुमाधवराव नावाचे एक तंजावरी मराठी गृहस्थ राहायचे आणि दिवसभर ड्रम बडवायचे. "त्या आवाजात मी बारावी दिली. माझं गणित त्यांनी बुडवलंय. जा, वसूल करून ये," असं म्हणून मॅडमनी त्यांना फोन केला आणि माझी राहायची सोयही तिथेच झाली.

निघताना वडिलांनी एकच गोष्ट सांगितली. आमच्या बँडात रीत आहे, दुसऱ्याचं वाद्य हाताळलं की तसंच परत द्यायचं नाही. पुसून, तेलाचा हात फिरवून, ताणून द्यायचं. "तिथं फुकट जेवणारैस," वडील म्हणाले, "निदान हे तरी कर."

पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला. पण वडिलांना दोष देत नाही.

वेलचेरी

सेतू सर वेलचेरीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. खालच्या जिन्यात भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे. मला वाटलं रंगाऱ्याची चूक. ती पुराच्या पाण्याची होती; तेव्हा सर तळमजल्यावर राहायचे. त्या पुरानंतर घरातले सगळे ड्रम माळ्यावर गेले आणि माळ्यावरच्या पितळी पराती खाली आल्या. सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, म्हणाल्या, "पाणी आलं तेव्हा यांनी पहिलं काय उचललं ठाऊक आहे कां तुज? मज नाही उचललं. झांजा उचलल्या."

"झांजा बुडल्या असत्या," सर म्हणाले. "तुज पोहता येतंय."

ही त्यांची मराठी. 'मज' आणि 'तुज' हे शब्द मी तोवर फक्त अभंगांत ऐकले होते. त्यामुळे अक्कांनी "तुज चटणी पायजे कां?" असं विचारलं की मला हात जोडावेसे वाटायचे. मधेच तमिळ यायचं, आणि ते आलं की वेगही वाढायचा. मला दोघं 'तंबी' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. सर अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पण मी तक्रार केली नाही.

जेवायला आंबट वरण होतं, सांबाराच्याच जातीचं, केळीच्या पानावर. सांबार मुळात तंजावरच्या मराठ्यांनीच केलं, असं सरांचं म्हणणं. मला यातलं काही ठाऊक नाही. मी वाद न घालता चार वेळा घेतलं.

जेवणानंतर मी वही काढली आणि लिहून आणलेला पहिला प्रश्न वाचला. "आपल्या व्यवसायाचे स्वरूप काय?"

सरांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "फोन येतो. जातो. वाजवतो. येतो."

"आणि?"

"आणि फोनची वाट बघतो. हाच मोठा भाग."

सेशन ड्रमर म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचं रेकॉर्डिंग असलं की जाऊन वाजवून येणारा. टूरवर जाणारा ड्रमर म्हणजे दुसऱ्याच्या बँडबरोबर गावोगाव फिरणारा. सर पस्तीस वर्षं दोन्ही करत आलेत, रॉक बँडांसाठी जास्त. किती गाण्यांत वाजवलं ते त्यांनाच माहीत नाही. कधी कधी रिक्षात एखादं गाणं लागतं आणि ते म्हणतात, "हे मी." रिक्षावाला मागे वळून बघतो आणि पुन्हा पुढे बघतो. नाव कुठेच छापलेलं नसतं.

मग अक्कांनी कपाटातून एक पासपोर्ट आणून माझ्या हातात दिला. तीनदा नूतनीकरण झालेला, आणि आतली सगळी पानं कोरी. आमच्या घरात पासपोर्ट कोणाकडेच नाही, त्यामुळे मी कोऱ्या पानांकडेही आदराने बघितलं.

गोष्ट अशी की सर तरुण असताना एका बँडाबरोबर परदेशात जाणार होते. व्हिसाचे कागद तयार होते. निघायच्या आधी त्रिचीच्या कार्यक्रमात मॅनेजर काहीतरी बोलला आणि सरांनी झांजेचा स्टँड उचलून त्याच्या दिशेने फेकला. स्टँड लागला नाही. टूर गेली. आणि नंतर कितीतरी वर्षं 'वाजवतो छान, पण फेकतो' असं त्यांचं नाव झालं.

"राग आला की यांचं मराठी बंद पडतंय," अक्का म्हणाल्या. "तीन दिवस नुसतं तमिळ."

"आता येत नाही राग," सर म्हणाले. "आला की चार मोजतो. ड्रमरास दुसरं काय येतंय?"

आणि आता, इतक्या वर्षांनी, पुन्हा एक फोन आला होता. बंगळूरचा एक बँड सहा आठवडे युरोपात जाणार होता. त्यांच्या ड्रमरने मोटरसायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं होतं. बँडची गायिका शुक्रवारी नुंगंबाक्कमच्या एका स्टुडिओत येणार होती, सर तिथे त्यांच्या नव्या गाण्यावर वाजवणार होते, आणि ते ऐकून ती ठरवणार होती. सर कोणालाच बोलले नव्हते. मला कळलं ते अक्कांनी सांगितल्यामुळे. त्या म्हणाल्या, "या वेळी नाही झालं तर हा पासपोर्ट मी चुलीत घालणार." त्यांच्याकडे गॅस आहे, पण मला समजलं.

कोवलम

दुसऱ्या दिवशी सर चेन्नईजवळच्याच कोवलमला एका समुद्रकाठच्या हॉटेलात दुपारच्या जेवणाच्या वेळी वाजवायला गेले आणि मला घेऊन गेले. टेम्पो मिळाला नाही म्हणून आम्ही ड्रमच्या पेट्या घेऊन बसने निघालो. कंडक्टर काहीतरी मोठमोठ्याने बोलला. सर त्याला हसून काहीतरी बोलले. एक कोळीण टोपली घेऊन चढली आणि मोठ्या ड्रमच्या पेटीवर खुशाल बसली. मी घाबरून सरांकडे बघितलं. आमच्याकडे ड्रमवर कोणी बसलं तर वडील लग्न सोडून जातील.

सर म्हणाले, "बसू दे. पेटी बसायसाठीच मजबूत घेतली मी."

"पण सर, वाद्य आहे."

"तंबी, लिहून घे तू. टूर म्हणजे काय? दिवसास दोन तास वाजवणं. उरलेले बावीस तास बसणं. व्हॅनमध्ये बसणं, स्टेशनावर बसणं, नाटकगृहाच्या मागं डब्यावर बसणं. कोण घोरतो, कोण अंडी खाऊन खिडकी बंद करतो, कोण रोज आईस फोन करून रडतो. वाजवणारे पुष्कळ मिळतात. बसणारे मिळत नाहीत. मी वाजवायला लवकर शिकलो, बसायला वेळ लागला."

मी हे वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ बस हलल्यामुळे पूर्ण पानावर गेली.

कोवलमला मी समुद्र पहिल्यांदा बघितला. दुष्काळी जतच्या माणसाला एकाच ठिकाणी एवढं पाणी बघून आधी संशय येतो. होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या, बायका मासळी वाटून घेत भांडत होत्या, आणि त्यांच्यापासून पन्नास पावलांवर हॉटेलच्या हिरवळीवर गोरे लोक काकडी खात होते. सरांनी त्यांच्यासाठी दोन तास जुनी इंग्रजी गाणी वाजवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका लहान मुलीने चमच्याने टेबल वाजवलं, सर तिच्याकडे बघून तिच्या चमच्याबरोबर वाजवत राहिले आणि तिच्या आईने चमचा काढून घेतला.

मी मात्र थोडा निराश झालो, खरं सांगतो. वडील वाजवतात तेव्हा नवरदेवाचा घोडासुद्धा बिथरतो. सर काहीच करत नव्हते. एक ठोका, मग जागा. मग पुन्हा ठोका. मी विचारलं, "सर, तुम्ही मध्ये मध्ये भरत का नाही?"

"तिथं गाणारा आहे की."

"आमच्याकडे गाणारा असला तरी भरतात."

"म्हणून तुमच्याकडं गाणारा ओरडतो," सर म्हणाले.

परतताना मला तळलेला वंजरम, म्हणजे आपली सुरमई, खाऊन बसमध्ये मळमळलं. सरांनी झांजेची पिशवी पुढे केली. "त्यात नको सर," मी म्हटलं. "मग गिळ," ते म्हणाले. मी गिळलं.

नुंगंबाक्कम

शुक्रवारी सकाळी अक्का देवळात गेल्या. सर न्हाणीघरात होते आणि मग टेम्पो आणायला खाली जाणार होते. त्यांनी स्नेअर, म्हणजे मधला छोटा ड्रम, ज्यावर मुख्य ठोका पडतो, पलंगावर काढून ठेवला होता.

त्याची अवस्था बघून मला वाईट वाटलं. कातड्यावर काळ्या टेपचे चार तुकडे, कडेला अर्धवट सोललेली खाकी पट्टी, आणि एका बाजूला घडी घालून चिकटवलेला एक रुमाल, ज्याचा रंग मला सांगता येणार नाही. कातडं इतकं सैल की बोटाने दाबलं तर आत जात होतं. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या हाताखाली कोणी नाही, कोण करणार वाद्याचं. आणि मी दोन दिवस फुकट जेवत होतो.

मी टेप सोलली. गोंद निघेना म्हणून स्वयंपाकघरातून खोबरेल तेल आणलं. रुमाल सोडवला, साबणाने धुतला, दोन पाण्यांतून काढला आणि गॅलरीत वाळत टाकला. मग ड्रमच्या पेटीतली किल्ली घेऊन वडील करतात तसं समोरासमोरचे स्क्रू आवळत आवळत कातडं इतकं ताणलं की टिचकी मारली तर खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. फडक्याने पुसलं. आरशासारखं झालं. पेटीत ठेवून पेटी बंद केली आणि मला या घरात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

स्टुडिओ एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या मागे होता. बूट बाहेर काढायचे. आत इतकी थंडी की मी वहीवर हात चोळत बसलो. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा जोसेफ नावाचा शांत माणूस होता, आणि त्याच्या शेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली बँडची गायिका तारा. तिशीची असेल. तिला तासाभराने विमानतळाकडे निघायचं होतं. तिने सरांना वाकून नमस्कार केला आणि मला इंग्रजीत विचारलं, मी कोण. माझं इंग्रजी ऐकण्यापुरतं आहे, बोलण्यापुरतं नाही. मी म्हटलं, "स्टुडंट." ती म्हणाली, "ड्रम्सचा?" मी म्हटलं, "बीए."

सरांनी स्नेअर स्टँडवर ठेवला, हेडफोन लावले आणि आवाज तपासायला एकच ठोका मारला.

टण्ण!

जोसेफने स्वतःचे हेडफोन उपटून काढले. ताराचा कॉफीचा कप हिंदकळला. तो आवाज जतच्या चौकात उत्तम होता. त्या खोलीत तो भांडं पडल्यासारखा झाला आणि थांबेचना, नुसता घुमत राहिला.

सरांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे. मी हसत होतो. मला वाटलं, आता शाबासकी.

"कोण?" सर म्हणाले.

"मी सर. पुसून, ताणून ठेवलाय."

"टेप?"

"काढली सर. सगळी."

"रुमाल कुठं आहे?"

"धुतला सर. वाळत घातलाय."

आता मला कळतं, पण तेव्हा कळत नव्हतं. आमच्या बँडात ड्रम जितका घुमेल तितका चांगला, कारण तो मांडवाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचा असतो. स्टुडिओत माईक दोन बोटांवर असतो. तिथे ड्रम घुमू द्यायचा नसतो, दाबायचा असतो. तो रुमाल आणि त्या टेपा वीस वर्षं एकेक करून बसवलेल्या होत्या, आणि त्या भरीव, कोरड्या ठोक्यासाठीच लोक सरांना बोलवायचे. माझ्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कुठे ठेवावं ते मला कळेना.

झांजेचा स्टँड सरांच्या हाताला लागून होता. मी तो बघितला. काचेपलीकडून ताराही बघत होती. सरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, "ओण्णु, रेंडु, मूणु, नालु." मग पुन्हा पहिल्यापासून. मी मोजलं, चार वेळा झालं.

डोळे उघडून ते म्हणाले, "किल्ली दे."

किल्ली वेलचेरीत, खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी राहिली होती.

जोसेफने पक्कड आणली. पकडीने जेवढे सैल होतील तेवढे स्क्रू सैल केले. सरांनी पाकीट काढून कातड्यावर ठेवून बघितलं, ते ठोक्याला उडी मारून खाली पडलं. सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्या पायांवर येऊन थांबली.

"मोजा काढ."

"सर?"

"मोजा. डावा."

मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. मी तो काढून दिला. जोसेफने नाक न मुरडता तो घडी घालून टेपने चिकटवला. तारा काचेमागे तोंडावर हात धरून बसली होती. ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता, काचेतून आवाज येत नाही.

मग सरांनी वाजवलं. तीन वेळा, पूर्ण गाणं. मी एका पायात मोजा घालून कोपऱ्यात बसलो होतो आणि तेव्हा मला कोवलमचं 'काहीच करत नव्हते' समजलं. वडील ठोक्यांनी भरतात. सर ठोके ठेवतात आणि बाजूला होतात. गाणं त्यांच्यावर टेकून उभं होतं आणि त्यांनी ते जाणवूसुद्धा दिलं नाही. पण स्नेअर अजूनही जरा वरच बोलत होता, प्रत्येक ठोक्याला. ते त्यांना ऐकू येत होतं, जोसेफला येत होतं, आणि आता मलाही येत होतं.

तारा घाईत बाहेर आली. सरांचा हात हातात घेऊन म्हणाली, "कळवते." आणि गेली.

 वेलचेरीला येताना एका टपरीवर थांबून सरांनी मला कॉफी दिली. मी "सर" म्हटलं. ते म्हणाले, "पी." घरी अक्का गॅलरीत उभ्या होत्या. हातात तो रुमाल होता.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "हा पांढरा होता कां?"

सर आत जाऊन झोपले.

जत

दुसऱ्या दिवशी मी निघालो. सर स्टेशनवर सोडायला आले. मी फलाटावर माफी मागितली, मराठीत आणि मग चुकून हिंदीतही. त्यांनी फक्त "डबा नीट धर, वरण सांडेल" एवढंच म्हटलं. मला वाटलं, फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता साईड ड्रमचा एक स्क्रू आणखी आवळला. मग म्हणाले, "ताणून देऊन चुकलं?" मी म्हटलं, तिथे चुकतं. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

तीन आठवडे गेले. मी प्रकल्प लिहिला, त्यात 'व्यवसायातील अडचणी' या मथळ्याखाली स्वतःविषयी काही लिहिलं नाही. रोज सरांना फोन करावासा वाटायचा आणि करवत नव्हता. मॅडमना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मी नाही विचारणार, तूच विचार." रात्री जेवताना मला तो कोरा पासपोर्ट दिसायचा, आणि अक्कांकडे चूल नाही या गोष्टीचा आधार वाटायचा.

मग परवा सकाळी फोन आला. मी आणि वडील अंगणात बसून साईड ड्रमला तेल लावत होतो. सरांचं नाव बघून मी तेलकट हातानेच फोन उचलला.

"तंबी, जेवलास कां?"

"सकाळचे आठ वाजलेत सर."

"बरं. ऐक. तुझा मोजा गाण्यात नाही. माझा स्नेअरही नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर त्या जागी दुसराच आवाज घातला. हल्ली असंच करतात."

आमच्या घराण्यातलं पहिलं रेकॉर्डिंग असं गेलं.

"आणि टूर, सर?"

"व्हिसा लागला. काल. पान सातवर." मागून अक्कांचा आवाज आला, "पान आठ! सातवर यांनी कॉफी सांडली!"

मी विचारलं, "म्हणजे वाजवणं आवडलं त्यांना?"

"वाजवणं सगळ्यांचं सारखंच, म्हणाली ती. चार जणांस ऐकलं तिनं. मज म्हणाली, सर, त्या मुलानं तुमचा ड्रम मारून टाकला आणि तुम्ही त्याचा मोजा मागितलात. सहा आठवडे एका व्हॅनमध्ये असाच माणूस पायजे आमास."

"सर, मी..."

"थांब. अजून झालं नाही. आता सही झाली, तिकीट आलं. तारा इथं नाही. जोसेफ नाही. अक्का, ते दार लाव गे." दार लागल्याचा आवाज आला. सरांनी दीर्घ श्वास घेतला, आणि मी स्पष्ट ऐकलं, या वेळी त्यांनी चार मोजले नाहीत.

मग तमिळ सुरू झालं.

मला त्यातलं 'रुमाल', 'टेप' आणि 'तंबी' एवढंच कळत होतं. मी उभा राहिलो, फोन कानाला लावून, श्वास घ्यायला ते थांबले की "हो सर" म्हणत. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मला नीट भूक लागली होती.

बऱ्याच वेळाने वडिलांनी खुणेने विचारलं, काय म्हणतायत?

मी फोनवर हात ठेवून सांगितलं, "ते चाललेत युरोपला."

"मग एवढा वेळ?"

"अजून रुमालापर्यंतच आलेत," मी म्हटलं, आणि हात काढला.